उपाशीपोटी उसळणारं ग्रोथ हार्मोन

'उपास केला की ग्रोथ हार्मोन काही पटींनी वाढतं' हे वाक्य हल्ली वजन घटवण्याच्या बहुतेक व्हिडिओंत ऐकू येतं. वाक्य खरं आहे. निरोगी माणसाला दोन दिवस उपाशी ठेवलं, तर त्याच्या रक्तात हे संप्रेरक खरोखरच काही पटींनी वाढतं. पण व्हिडिओवाले पुढे 'म्हणून स्नायूही वाढतात' असं जोडून देतात, आणि तिथे घोटाळा होतो. खायला नसताना शरीर वाढीचं संप्रेरक का ओतत बसेल, हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही. वैज्ञानिकांना मात्र तो साठ वर्षांपूर्वीच पडला होता, आणि तोही कुपोषित मुलांकडे बघताना.

१९६०च्या दशकात केपटाऊनमध्ये बर्नार्ड पिमस्टोन आणि त्यांचे सहकारी क्वाशिओरकर झालेल्या मुलांचं रक्त तपासत होते. क्वाशिओरकर म्हणजे प्रथिनांच्या तीव्र कमतरतेचा आजार. पायावर सूज येते, केस विरळ आणि फिकट होतात, उंची खुंटते. मूल वाढत नाही, तेव्हा वाढीचं संप्रेरक कमी पडत असणार, हा तर्क कुणीही केला असता. रक्तातलं संप्रेरक अचूक मोजायची पद्धत तेव्हा नुकतीच हाती आली होती. मोजलं तर उलटंच निघालं. या मुलांच्या रक्तात ग्रोथ हार्मोन भरपूर होतं, धडधाकट मुलांपेक्षाही जास्त. त्यांना पुरेसं प्रथिन मिळू लागलं, प्रकृती सुधारली, तशी ती पातळी खाली आली.

हे समजायला थोडं मागे, १९५७ सालात जावं लागतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात विल्यम डॉघडे आणि विल्यम सॅमन यांना ग्रोथ हार्मोनचं मोजमाप करायचं होतं. ग्रोथ हार्मोन बनतं ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत. ती ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांच्या बरगड्यांतली कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकाचा लवचिक भाग, त्यांनी घेतली. वाढणारी कूर्चा गंधकाचं संयुग, म्हणजे सल्फेट, शोषून घेते; म्हणून काचेच्या भांड्यात किरणोत्सारी सल्फेट घालून कूर्चेने किती शोषलं ते मोजायचं, अशी योजना होती. भांड्यात थेट ग्रोथ हार्मोन टाकलं, तर कूर्चा जवळपास ढिम्म. धडधाकट उंदराच्या रक्ताचा द्राव घातला, तर सल्फेट झपाट्याने शोषलं गेलं. ग्रंथी काढलेल्या उंदराच्या रक्तद्रावाने काही होईना. पण त्याच उंदराला आधी काही दिवस ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं देऊन मग रक्त घेतलं, तर कूर्चा पुन्हा कामाला लागली.

अर्थ उघड होता. ग्रोथ हार्मोन स्वतः कूर्चेशी फारसं बोलत नव्हतं. ते शरीरात दुसरंच काही तयार करवून घेत होतं, आणि वाढीचं काम त्या दुसऱ्याकडे होतं. हा दुसरा पदार्थ शुद्ध करून त्याची रचना उलगडायला आणखी वीस वर्षं गेली. १९७८ मध्ये झुरिकला रिंडरक्नेख्ट आणि हुंबेल यांनी ती प्रसिद्ध केली. अवघ्या ७० अमिनो आम्लांची साखळी, इन्शुलिनशी चांगलंच साम्य असलेली. तिला आज आयजीएफ-१ म्हणतात. रक्तात फिरणारं बहुतेक आयजीएफ-१ यकृतात बनतं.

आता केपटाऊनच्या मुलांचं कोडं बरंच सुटतं. पिट्युटरीने ग्रोथ हार्मोनच्या रूपात मागणी पाठवायची आणि यकृताने घरातला अन्नाचा साठा बघून आयजीएफ-१च्या रूपात मंजुरी द्यायची, असा हा कारभार आहे. साठा नसेल तर मागणी कितीही मोठ्याने केली तरी मंजुरी मिळत नाही.

यकृताला साठ्याची खबर लागते ती मुख्यतः इन्शुलिनकडून. जेवणानंतर स्वादुपिंडातून निघालेलं इन्शुलिन सगळ्यात आधी यकृतात पोचतं. ते पुरेसं असेल तर यकृतातल्या पेशी ग्रोथ हार्मोनचे ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे रेणू, आपल्या पृष्ठभागावर सज्ज ठेवतात. उपासमारीत इन्शुलिन घसरतं, तसे ग्राहीही कमी होतात. २००८ मध्ये उंदरांवरच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. उपाशी यकृत एफजीएफ-२१ नावाचं संप्रेरक बनवतं, आणि ते ग्रोथ हार्मोनचा संदेश पेशीच्या आतच अडवतं. आयजीएफ-१ कमी बनू लागतं. एरवी हेच आयजीएफ-१ मेंदूकडे आणि पिट्युटरीकडे जाऊन 'आता पुरे' असा इशारा देत असतं. तो इशारा थांबला, की पिट्युटरी आणखी जोर लावते. कुपोषित मुलाच्या रक्तातलं ते भरमसाट ग्रोथ हार्मोन असं साचतं.

आहारातलं नेमकं काय कमी पडल्याने हे होतं, उष्मांक की प्रथिनं? १९८३ मध्ये इस्ली, अंडरवुड आणि क्लेमन्स यांनी याचा छोटा पण नेटका प्रयोग केला. वजन व्यवस्थित असलेल्या पाच प्रौढांना त्यांनी वेगवेगळ्या वेळी पाच-पाच दिवस उपाशी ठेवलं. आयजीएफ-१ साधारण एक तृतीयांशावर आलं. मग पाच दिवस नेहमीचा आहार दिला, तर ते बऱ्यापैकी वर चढलं. उष्मांक तेवढेच ठेवून प्रथिनं कमी केली, तर चढण फार थोडी. उष्मांक आणि प्रथिनं दोन्ही कमी असलेल्या आहारावर तर पातळी उपासापेक्षाही खाली गेली. पाचच माणसं असली तरी या प्रयोगाचा मला फार आदर वाटतो, कारण त्याच माणसांवर तिन्ही आहार आलटून पालटून वापरले होते. माणसामाणसातला फरक मध्ये आलाच नाही.

एवढ्याने मात्र अर्धंच उत्तर मिळतं. यकृत ऐकत नसेल तर एवढं ग्रोथ हार्मोन वाया जातं का? अजिबात नाही. चरबीच्या पेशी त्याचं ऐकतच असतात. ग्रोथ हार्मोन चरबी फोडून मेदाम्लं रक्तात सोडतं, स्नायू ती जाळतात आणि ग्लुकोज मेंदूसाठी शिल्लक राहतं. स्नायूंतली प्रथिनं मोडून ग्लुकोज बनवण्याची गरजही त्यामुळे कमी होते. उपासाच्या काळात ग्रोथ हार्मोन औषधाने दाबून धरलं, तर माणसाच्या लघवीवाटे नायट्रोजन जास्त जातो, म्हणजे स्नायू जास्त झिजतात, असं डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवलं आहे. व्हिडिओतल्या दाव्यात तथ्य आहे ते एवढंच. हे संप्रेरक उपासात स्नायूंची झीज कमी करतं. नवे स्नायू बांधायला लागणारी सामग्री तेव्हा घरात नसतेच.

या कामाची निकड किती आहे, ते एका प्रयोगात फार स्पष्ट दिसलं. १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांना जठरात घ्रेलिन नावाचं संप्रेरक सापडलं. भूक लावणारं म्हणून ते प्रसिद्ध झालं, पण शोध लागला होता तो पिट्युटरीला ग्रोथ हार्मोन सोडायला लावणारा पदार्थ शोधताना. घ्रेलिनला आठ कार्बनचं एक मेदाम्ल चिकटलेलं असतं आणि त्याशिवाय ते निष्क्रिय असतं. हे मेदाम्ल चिकटवणारं विकर (एन्झाइम) ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांच्या डॅलसच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये शोधलं, आणि मग ते विकरच नसलेले उंदीर तयार केले. भरपेट खायला मिळत होतं तोवर हे उंदीर इतरांसारखेच होते. मग दोन्ही गटांचं खाणं ६० टक्क्यांनी कापलं. दोघांचंही वजन सारखंच घटलं, चरबी जवळपास संपली. साधे उंदीर तरीही तग धरून राहिले. विकर नसलेल्यांचं रक्तातलं ग्लुकोज आठवड्याभरात इतकं कोसळलं की ते मरणपंथाला लागले. त्यांना घ्रेलिन किंवा नुसतं ग्रोथ हार्मोन पुरवत ठेवलं, की ग्लुकोज टिकून राहिलं.

मला विचाराल तर या संप्रेरकाला वाढीचं म्हणणं ही त्याची अर्धीच ओळख आहे. वाढ पंधरा-अठरा वर्षांत संपते, पण पिट्युटरी पुढेही आयुष्यभर, विशेषतः गाढ झोपेच्या सुरुवातीला, त्याचे झोत सोडतच राहते.

यकृताच्या मंजुरीची गोष्ट मी वर थोडी सरळ करून सांगितली. १९९९ मध्ये फक्त यकृतातलं आयजीएफ-१ चं जनुक काढलेले उंदीर दोन प्रयोगशाळांनी तयार केले. रक्तातलं आयजीएफ-१ सुमारे तीन चतुर्थांशाने घटलं, आणि तरीही उंदीर जवळजवळ नेहमीसारखे वाढले. म्हणजे हाडांच्या टोकाची कूर्चा आपल्यापुरतं आयजीएफ-१ स्वतःही बनवते आणि वाढीसाठी ते बरंचसं पुरतं. कुपोषणात मात्र यकृत आणि कूर्चा दोन्हीकडे हात आखडता घेतला जातो.

या क्षेत्रातला सगळ्यात अनपेक्षित शोध अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठातल्या जॉन कॉपचिक यांच्या प्रयोगशाळेतला. १९८०च्या दशकाच्या शेवटी ते ग्रोथ हार्मोनच्या साखळीत बदल करून बघत होते. जास्त जोरकस संप्रेरक मिळालं तर उंदीर जास्त मोठे होतील, अशी अपेक्षा. एका जागेवरचं ग्लायसिन हे अमिनो आम्ल बदललं, आणि उंदीर चक्क खुजे निपजले. बदललेलं संप्रेरक ग्राहीला चिकटत होतं, पण त्याला चालू करत नव्हतं. वर खऱ्या संप्रेरकाची जागाही अडवत होतं. त्यातूनच पेगव्हिसोमंट हे औषध बनलं. ग्रोथ हार्मोनच्या अतिरेकाने प्रौढांचे हात, पाय, जबडा वाढत जातो त्या अॅक्रोमेगली विकारासाठी अमेरिकेत २००३ मध्ये त्याला परवानगी मिळाली.

कॉपचिक यांनी पुढे ग्रोथ हार्मोनचा ग्राहीच नसलेले उंदीर तयार केले. ते खुजे, गुबगुबीत आणि विलक्षण दीर्घायुषी निघाले. त्यातला एक तर जवळपास ५ वर्षं जगला. हाच दोष माणसांतही असतो. इस्रायलमधल्या झ्वी लॅरॉन यांनी १९६६ मध्ये त्याचं वर्णन केलं. एक्वाडोरमध्ये असे शंभरेक जण आहेत, त्यांच्याकडे हाइमे गेव्हारा-अगिर्रे यांनी अनेक वर्षं लक्ष ठेवलं. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांत या लोकांमध्ये मधुमेह अजिबात आढळला नाही आणि कर्करोग जवळपास नव्हताच, वजन जास्त असूनही. ग्रोथ हार्मोन इन्शुलिनच्या कामात आडकाठी आणतं, हे अर्जेंटिनाच्या बर्नार्डो हुसे यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांपासून माहीत होतं. पिट्युटरी आणि साखरेच्या चयापचयाचं नातं उलगडल्याबद्दल त्यांना १९४७ मध्ये नोबेलही मिळालं. म्हणून व्यायामशाळांतून चोरून घेतल्या जाणाऱ्या ग्रोथ हार्मोनच्या इंजेक्शनांनी रक्तातली साखर चढते, यात नवल नाही.

उंची कमी असलेल्या मुलाच्या तपासणीत हे सगळं रोज उपयोगी पडतं. ग्रोथ हार्मोन झोतांनी येत असल्याने एकदाच रक्त घेऊन मोजण्यात अर्थ नसतो, म्हणून आधी आयजीएफ-१ बघतात. ते कमी आलं तर पिट्युटरी कमजोर असू शकते, किंवा मूल पुरेसं खात नसेल, किंवा खाल्लेलं आतड्यातून शोषलंच जात नसेल. कागदावर तिन्हींचा आकडा सारखाच दिसतो. म्हणून डॉक्टर आधी वजनाचा आलेख, आहार, गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सीलिएक विकार अशा गोष्टी तपासतात, आणि त्या निस्तरल्यावरच पिट्युटरीच्या चाचण्यांकडे वळतात.