हाक तीच, ओ देणारा वेगळा

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात पुतण्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. एरवी सातबारा आणि पीकविम्याचे फॉर्म, लग्नसराईत पत्रिका. विंडोज 10 ची नेहमीची मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली आणि विंडोज 11 त्याच्या जुन्या डब्याला चालेना, म्हणून आम्ही त्यावर लिनक्स टाकलं. विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. दुसऱ्याच दिवशी फोन आला. "काका, पत्रिकेचा प्रोग्राम उघडूनच नाही राह्यला नं!"

उघडणार कसा? खरं तर प्रोसेसर तोच आहे, आणि प्रोग्राममधली बेरीज-वजाबाकी त्याला आजही जशीच्या तशी कळते. अडतं ते दुसरीकडे. फाइल उघड, खिडकी काढ, प्रिंटरला कागद पाठव, अशा प्रत्येक कामासाठी प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो. शेतावर जुना गडी जाऊन नवा आला, तरी म्हातारा जुन्याच नावानं हाक मारत राहतो, तसं हे. लिनक्सला ती नावं ठाऊक नाहीत.

वाइन हा प्रोग्राम त्या जुन्या नावांना ओ देतो. विंडोजचा प्रोग्राम 'क्रिएटफाइल' म्हणाला की वाइन ते ऐकतं आणि लिनक्सला त्याच्या भाषेत 'ओपन' म्हणून सांगतं. सगळा कॉम्प्युटर आतल्या आत पुन्हा उभा करावा लागत नाही, म्हणून वेगही फारसा जात नाही. असा नकली कॉम्प्युटर उभा करणाऱ्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात, आणि 'वाइन इज नॉट अॅन एम्युलेटर' असं त्याच्या नावाची फोडच सांगते.

ऐकायला सोपं आहे, पण अशा हाका हजारोंनी आहेत आणि त्यांच्या लहरीही सांभाळाव्या लागतात. विंडोजला फाइलच्या नावातलं इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच, लिनक्सला वेगळं. त्यामुळे नाव तंतोतंत जुळलं नाही की वाइन बिचारं अख्खं फोल्डर धुंडाळतं. 1993 मध्ये सुरू झालेल्या या कामाची 1.0 आवृत्ती यायला 2008 उजाडलं. अलेक्झांद्र ज्युलियार 1994 पासून ते सांभाळत आहेत. मला हा चिकाटीचा भाग तंत्रापेक्षाही थोर वाटतो.

वाइन तुमच्या फोल्डरमध्ये एक खोटी सी ड्राइव्ह मांडतं. सोबत झेड ड्राइव्हही देतं, आणि तिच्यातून तुमच्या लिनक्सच्या सगळ्या फाइल दिसतात. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून आलेली नासकी फाइल वाइनमध्ये चालवली, तर ती तुमच्या फाइलींपर्यंत पोचू शकते. लिनक्स आहे म्हणून बिनधास्त राहू नका, हे मी पुतण्याला दोनदा सांगितलं.

संध्याकाळी दुकानात जमणाऱ्या पोरांचा प्रश्न अर्थातच गेमचा. विंडोजचे बरेच गेम चित्रासाठी डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या चित्र काढणाऱ्या भागाला हाक मारतात. डीएक्सव्हीके नावाचा प्रोग्राम ती हाक वल्कनच्या, म्हणजे लिनक्सवरही चालणाऱ्या ग्राफिक्सच्या, भाषेत फिरवतो. वाल्व कंपनीनं 2018 मध्ये वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून प्रोटॉन आणलं, आणि 2022 मध्ये आलेला स्टीम डेक हा हातात धरायचा कॉम्प्युटर त्याच जोरावर विंडोजचे गेम चालवतो. गेम पहिल्यांदा चालवताना मधूनच अडखळतो, कारण रंग-प्रकाशाचे छोटे प्रोग्राम ग्राफिक्स कार्डासाठी तेव्हाच तयार होत असतात. पुतण्याच्या डब्यातल्या जुन्या चिपला मात्र वल्कन येतच नाही. तिथे ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्सच्या भाषेवर भागवावं लागतं. जुने गेम चालतात, पोरं मात्र नवेच मागतात.

काही ऑनलाइन गेम चांगल्या कार्डावरही नकार देतात. खेळातली लबाडी पकडणारी त्यांची यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ड्रायव्हर (गाभ्याला जोडून चालणारा छोटा प्रोग्राम) बसवायला बघते. वाइन हाकेला ओ देतं, पण त्याच्यापाशी विंडोजचा गाभा नाही. बसवणार कुठे?

पत्रिकेच्या प्रोग्रामचं घोडंही तिथेच पेंड खात होतं. वाइनमध्ये तो उघडला, खिडकी आली, पुतण्या खूश. मग प्रोग्रामनं यूएसबीला लावायचं कुलूप मागितलं, म्हणजे प्रोग्राम विकत घेतल्याची खूण असलेलं पेनड्राइव्हसारखं यंत्र. कुलूप लावलेलं होतं, पण ते ओळखणारा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यासाठी लिहिलेला. दोन तास झटलो, शेवटी हात टेकले.

आता दुकानात दोन डबे आहेत. फॉर्म भरायला लिनक्स. कोपऱ्यात कुणाकडून तरी आणलेला विंडोजचा दुसरा म्हातारा, नेटची वायर काढलेला, फक्त पत्रिकांसाठी. त्याच्यावर पुतण्यानं चिठ्ठी चिकटवली आहे : 'पेनड्राइव्ह लावू नये.'