गाजरगवत खान्देशात मुरलं ते बियांच्या जोरावर

खान्देशात गाजरगवताला अजूनही ‘काँग्रेस’च म्हणतात. त्यामागची गोष्ट गावोगावी ठाऊक आहे. अमेरिकेहून लाल गहू आला, गव्हातून हे बी आलं आणि राज्य तेव्हा काँग्रेसचं होतं. पांढरी फुलं टोपीसारखी दिसतात म्हणून नाव पडलं, असंही काही जण सांगतात.

या गोष्टीत तथ्य आहे, पण तारखा थोड्या आडव्या येतात. मेक्सिकोच्या आखाताभोवतीची ही वनस्पती पुण्यात १९५५ साली दिसली. अमेरिकेकडून धान्य घेण्याच्या ज्या पी. एल. ४८० करारावर खापर फुटतं, तो भारताशी झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. अमेरिकेचं मदतीचं धान्य मात्र १९५१ पासूनच येत होतं, त्यामुळे गहू पुरता सुटत नाही. शिवाय कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ च्या यादीतही या झाडाचं नाव आहे. बी आलं कुठून, यावर आपण सत्तर वर्षं बोलत आलो. ते इथून हटत का नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एका फुलात जास्तीत जास्त पाचच बिया धरतात. पण झाडावर फुलं इतकी येतात, की भरलेलं एक झाड १५ ते २५ हजार बिया सहज टाकतं. बी तिळाहून कितीतरी बारीक असतं. प्रत्येक बीला दोन बाजूंना हवेच्या इवल्या पिशव्या असतात, त्यामुळे ते पाण्यावर तरंगतं. पाटाचं पाणी, ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल, भरावाची माती, रेल्वेची कड, सगळं त्याला चालतं. उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत फूल येतं. म्हणजे पहिली निंदणी लांबली की झाड बी टाकूनही मोकळं झालेलं असतं.

उगवण्याची रीतही तितकीच चिवट आहे. बीच्या टरफलात उगवण रोखणारी द्रव्यं असतात आणि ती पाण्यात धुऊन जातात. त्यामुळे दोन शिंतोड्यांनी सगळं बी फसत नाही, चांगला पाऊस झाला की मग उठतं. जमिनीवर उघडं पडलेलं बी काही महिन्यांत बरंचसं मरतं. चार-पाच सेंटिमीटर खाली गाडलेल्या बियांपैकी मात्र निम्म्याहून अधिक दोन वर्षांनंतरही जिवंत राहतात. इतक्या खोलीवरून ते उगवू शकत नाही, तिथे फक्त वाट पाहतं. नांगराने ते खाली जातं आणि पुढच्या एखाद्या नांगरटीत परत वर येतं. शेत स्वच्छ दिसतं, पण मातीत साठा असतोच.

खान्देशात याला आणखी एक गोष्ट जुळून आली. कोरडवाहू कापूस-ज्वारीच्या रानात उन्हाळा कडक असतो, माती तापून भेगाळते आणि तणाचं चक्र तुटतं. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात ओल बारमाही असते. थंडीचा कडाका आणि मे महिन्याची होरपळ सोडली, तर या बीला उगवायला कधीही चालतं. ओल मिळाली तर वर्षात तीन-चार पिढ्या सहज होतात. केळी दोष देण्यासारखं पीक नाही. पण केळीच्या बांधावर तणाला सुट्टी नसते, हे मान्य करायला हवं.

गाजरगवत खाणारे, मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे देशात १९८४ पासून सोडले जाताहेत. पावसाळ्यात ते झाडं अक्षरशः चाळून टाकतात. पण थंडीत ते मातीत जाऊन निपचित पडतात आणि पाऊस पडल्यावरच वर येतात. मधल्या महिन्यांत ओलिताखाली उगवलेलं तण त्यांच्या तावडीतून सुटतं आणि निवांत बी धरतं.

तापी-गिरणाकाठच्या वेड्या बाभळीचा मार्ग वेगळा. तिच्या गोड शेंगा शेळ्या-मेंढ्या खातात. कठीण कवचाचं बी पोटातून जाताना मऊ होतं आणि लेंडीसकट नव्या जागी पडतं. शेतात मेंढ्या बसवल्या की खत मिळतं, त्यासोबत हे बीही येतं. सातपुड्यातल्या घाणेरीचा (टणटणीचा) प्रसार पाखरं करतात. पिकलेली काळी फळं खाऊन बुलबुल ज्या झाडावर बसतो, त्याच्याच खाली ती उगवते.

गाजरगवत गुरं-पाखरं सहसा खात नाहीत, त्यामुळे त्याची वाहतूक आपण करतो. फुलाआधी उपटलं तर त्याचं चांगलं खत होतं. आपल्याकडे मात्र ते पांढरंशुभ्र झाल्यावरच डोळ्यांत भरतं, मग बाया उघड्या हातांनी उपटतात, अंगावर खाज-पुरळ घेतात आणि भारा उकिरड्यावर जातो. उकिरडा नीट कुजून तापला नाही तर त्यातलं बी मरत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास तेच शेणखत गाड्या भरून शेतात येतं आणि त्याचे ढीग पडतात. मृगाचा पाऊस झाल्यावर आठवडाभराने शेतात फिरून बघा. गाडीने ढीग कुठे कुठे टाकले होते, ते गाजरगवताच्या हिरव्या ठिपक्यांवरून मोजता येतं.