सोडा ब्रेड, आयरिश

सोडा ब्रेड, आयरिश : यीस्टऐवजी खाण्याचा सोडा व आंबट ताक वापरून फुगवलेला आयर्लंडमधील घरगुती पाव. पीठ, मीठ, सोडा आणि ताक एवढेच त्याचे घटक. बेदाणे घातलेल्या प्रकाराला आयर्लंडमध्ये ‘स्पॉटेड डॉग’ असे गमतीदार नाव आहे. साखर, अंडी, लोणी व शहाजिरे घालून अमेरिकेत सेंट पॅट्रिक दिनी (१७ मार्च) केला जाणारा पदार्थ मात्र पावापेक्षा केकच्या जातीचा असल्याने तो येथे विचारात घेतलेला नाही.

नावांत प्रदेशभेद आहे. दक्षिणेत गोल, जाड पावाला नुसते ‘केक’ आणि कणकेचा असल्यास ‘ब्राउन ब्रेड’ म्हणतात. उत्तरेत, म्हणजे अल्स्टरमध्ये, कणकेच्या पावाला ‘व्हीटन’ हे नाव असून तेथे ‘सोडा’ म्हटले की तव्यावर शेकलेले त्रिकोणी तुकडे अभिप्रेत असतात. अशा तुकड्याला ‘फार्ल’ म्हणतात. चौथा हिस्सा या अर्थाच्या ‘फार्डेल’ या स्कॉट्स शब्दाचा हा संक्षेप असून मराठीतील ‘चतकोर’ त्याला नेमका लागू पडतो.

उगम : हा पाव आयर्लंडमध्ये प्राचीन काळापासून चालत आला, हा समज टिकण्यासारखा नाही, कारण त्यातला सोडाच अर्वाचीन आहे. लोकप्रिय लेखनात त्याचे मूळ अमेरिकेतील आदिवासींकडे नेण्याचीही रीत आहे. लाकडाची राख पिठात घालून ते भाकरी करीत, असा त्यामागचा आधार. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, आणि ‘पर्लअ‍ॅश’ या शुद्ध केलेल्या रूपात ते अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ साली हार्टफर्ड येथे निघालेल्या पाकपुस्तकात आढळते, हे खरे. तथापि राखेचा क्षार वापरणे आणि सोडा-ताकाचा पाव करणे यांत बरेच अंतर आहे. या मताला क्षार वापरण्याच्या पूर्वपीठिकेपलीकडे महत्त्व देणे कठीण दिसते.

अधिक भरवशाचा दुवा रासायनिक उद्योगाचा आहे. साध्या मिठापासून धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट) तयार करण्याच् नीकॉला लब्लां या फ्रेंच रसायनज्ञाने १७९१ मध्ये घेतले. ब्रिटनमध्ये मिठावरील कर उठल्यावर, १८२० नंतरच्या दशकात, ही कृती मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. तिचा लिव्हरपूल येथील आद्य कारखानदार जेम्स मस्प्रॅट हा मूळचा डब्लिनचा, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे. त्यावरून अधिक काही सिद्ध होत नाही. कार्बोनेटापासून मिळणारा बायकार्बोनेट म्हणजेच खाण्याचा सोडा त्या काळी ‘सुपरकार्बोनेट’ या नावाने विकला जाई.

आयरिश कृतीच्या सर्वांत जुन्या छापील नोंदींत अल्स्टरमधील न्यूरी या गावच्या एका वृत्तपत्रातली कृती गणली जाते. १८३६ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या एका शेतीविषयक मासिकाने ती उद्धृत केली. दीड पौंड कणीक, दोन चमचे बारीक मीठ, चहाचा मोठा चमचाभर सुपरकार्बोनेट अर्धी वाटी थंड पाण्यात विरघळवून, आणि ‘फार आंबट’ ताक. पीठ हाताळता येईल इतपत सैल असावे, जितके सैल तितके बरे, असे लेखक सांगतो. मग इंचभर जाडीचा पाव झाकणाच्या पसरट भांड्यात ठेवून वीस मिनिटे खालून धग द्यायची आणि पुढे अर्धा तास झाकणावर निखारे. हा पाव पचनाला उत्तम, असाही त्याचा दावा आहे. तो त्या काळच्या जाहिरातींच्या धाटणीचा वाटतो.

काही लेखक पावाचा संबंध १८४५–५२ च्या महादुष्काळाशी जोडतात. वरील कृती त्याआधी नऊ वर्षांची असल्याने दुष्काळ हे उगमाचे कारण होऊ शकत नाही. मात्र दुष्काळापूर्वी गरिबांचे मुख्य अन्न बटाटा होते. ही कृती गव्हाचे पीठ आणि दुभती गाय असलेल्या घरांतली असावी व सर्वसामान्यांत ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आयर्लंडच्या दमट हवेत पिकणारा गहू मऊ, कमी ग्लुटेनचा (पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाचा) असतो. यीस्टच्या पावाला तो दुबळा पडतो, सोड्याला चालतो.

रसायन : सोडा व ताकातील लॅक्टिक अम्ल यांच्या विक्रियेतून कार्बन डाय-ऑक्साइड वायू, पाणी व सोडियम लॅक्टेट तयार होते. ८४ ग्रॅ. सोड्यापासून ४४ ग्रॅ. वायू मिळतो. अम्ल अपुरे असल्यास उरलेला सोडा भट्टीच्या उष्णतेने विघटित होतो, पण त्यातून वायू निम्माच सुटतो आणि मागे धुण्याचा सोडा राहतो. पाव पिवळट होऊन साबणासारखी चव येते ती यामुळे. चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅ. सोडा, पूर्ण खर्ची पडण्यास सुमारे ५·४ ग्रॅ. लॅक्टिक अम्ल लागते. आंबट ताकात ते शेकडा १ च्या आसपास असते. म्हणजे ४०० मिलि. ताकालाही चमचाभर सोडा किंचित जडच जातो. न्यूरीच्या लेखकाने ‘फार आंबट’ हा शब्द उगाच घातलेला नाही.

घरगुती कृती : ४५० ग्रॅ. मैदा किंवा मैदा-कणीक मिश्रण, एक चमचा मीठ, एक सपाट चमचा सोडा, ३५० ते ४०० मिलि. ताक. सोडा पिठाबरोबर चाळून घ्यावा, कारण गुठळी राहिल्यास पावात तपकिरी ठिपके उमटतात. मध्ये खळगा करून ताक ओतावे आणि बोटे फाकवून हाताने गोल फिरवीत पीठ जेमतेम गोळा करावे. पोळीच्या कणकेसारखे मळू नये. मळल्याने ग्लुटेन ताणले जाऊन पाव चिवट होतो, शिवाय वायू ताक पडताक्षणीच सुटू लागलेला असतो. चार सेंमी. जाडीचा गोल थापून त्यावर खोल फुली मारावी व भट्टीत २३० अंश से. तापमानाला १५ मिनिटे, नंतर २०० अंशांवर सुमारे अर्धा तास भाजावा. तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की तो झाला. गरम असतानाच फडक्यात गुंडाळल्यास कवच मऊ राहते. दुसऱ्या दिवशी तो वातड होतो.

फुलीमुळे परी बाहेर पडतात किंवा सैतान दूर राहतो, अशा समजुती सांगतात. प्रत्यक्षात जाड गोळ्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोचावी आणि चार भाग सहज मोडता यावेत, एवढे काम ती करते.

जुन्या घरांत भट्टी नसे. पीटच्या (दलदलीतून खणून वाळवलेल्या जळणाच्या) विस्तवावर टांगलेल्या ‘बास्टिबल’ या बिडाच्या भांड्यात पाव ठेवून झाकणावर निखारे रचीत. कोकणात धोंडस आणि गोव्यात बिबिंका वरून निखारे ठेवून भाजतात, तीच ही पद्धत. फार्ल तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकतात आणि शेवटी कडांवर उभे करून ओलावा घालवतात. अल्स्टरच्या तळलेल्या न्याहारीत ते आजही असतात.

गोव्यात पावाचे पीठ सुरेने, म्हणजे माडीने, आंबवीत. ती किण्वनाची रीत असल्याने या पावाशी तिचे साम्य नाही. मराठी घरातले ताक मात्र जुन्या आयरिश घरगुती ताकाप्रमाणे लोणी काढून उरलेलेच असते. फरक एवढाच, की ते पिण्यासाठी पाणी घालून पातळ केलेले असते आणि त्याने सोडा पुरता खर्ची पडत नाही. त्यासाठी घट्ट, दोन दिवसांचे आंबट दही थोड्या पाण्यात घुसळून घ्यावे.