मणक्यातलं इंजेक्शन: गादी जागेवर बसत नाही, मग आराम कशाने पडतो?

पावसाळ्यात दुचाकी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात आदळते आणि कमरेला हिसका बसतो. त्या दिवशी फारसं काही जाणवत नाही. दोन-चार दिवसांनी मात्र कमरेतून निघालेली कळ कुल्ल्यातून, मांडीच्या मागून थेट पोटरीत आणि पावलात उतरते. गोळ्या होतात, शेक होतो, एमआरआय होतो आणि मग डॉक्टर म्हणतात, "मणक्यात एक इंजेक्शन देऊन बघू." लगेच घरात दोन तट पडतात. कुणी म्हणतं, मणक्यात सुई गेली की माणूस जन्माचा अधू. कुणी म्हणतं, अमक्याने घेतलं आणि त्याची सरकलेली गादी जागेवर बसली. दोन्ही खोटं आहे. त्यातलं दुसरं जास्त नडतं, कारण त्यामुळे लोक या सुईकडून नको ती अपेक्षा ठेवतात.

दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट कडं असतं आणि आत मऊ गर. कडं चिरलं की मोदकाची पारी फुटून सारण बाहेर यावं तसा हा गर मागे, नसेच्या मुळाशी येतो. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी सायटिकाचा, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेचा, संबंध या फुटलेल्या गादीशी जोडून दाखवला. तेव्हापासून "नस दबली म्हणून पाय दुखतो" हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं. ते अर्धंच खरं होतं.

स्टीफन कुस्लिच या अमेरिकन शल्यचिकित्सकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३ रुग्णांच्या कमरेच्या शस्त्रक्रिया पूर्ण भूल न देता, थर बधिर करत करत केल्या. रुग्ण जागे होते. आतला एकेक भाग हळूच दाबून विचारायचं, कुठे दुखतंय? १९९१ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. निरोगी नस दाबली तर पाय दुखत नव्हता. आधीच सुजलेल्या, ताणलेल्या नसेला स्पर्श झाला की तीच ओळखीची कळ पायात जायची. म्हणजे नुसता दाब पुरेसा नाही, दाह लागतो. तो दाह येतो गरातून. या गरात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तो कड्याबाहेर आला की शरीराची संरक्षण यंत्रणा त्याला परका समजून त्याच्यावर तुटून पडते. त्यात दाह भडकवणारी रसायनंही असतात, उदाहरणार्थ फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर. इंजेक्शनात असतं ते स्टिरॉइड, म्हणजे दाह शमवणारं औषध, नेमकी हीच रासायनिक साखळी तोडतं. गादीला ते हातही लावत नाही.

मणक्यात सुई हा प्रकार काही कालचा नाही. १९०१ मध्ये पॅरिसला सिकार आणि काथेलँ यांनी माकडहाडाच्या वरच्या फटीतून कोकेन सोडलं होतं. कोकेन तेव्हा बधिर करण्यासाठी वापरत. स्टिरॉइडचा औषधी उपयोग १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयात संधिवाताच्या रुग्णांवर दिसला, त्या कामाला १९५० चं नोबेल मिळालं आणि लगोलग इटली-फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ते कमरेच्या नसेपाशी टोचून पाहिलं.

प्रत्यक्षात काय होतं? रुग्णाला पालथं झोपवतात, पोटाखाली उशी. सी-आर्म नावाचं क्ष-किरण यंत्र वर असतं. कातडी बधिर करून सुई दोन मणक्यांच्या फटीतून आत जाते. सिरिंजचा दट्ट्या डॉक्टर अंगठ्याने हलकासा दाबून असतात. पिवळ्या, चिवट बंधात सुई असेपर्यंत दट्ट्या हलत नाही. बंध ओलांडला की एकदम सैल पडतो. पोहोचली ती जागा जेमतेम काही मिलिमीटर रुंद. मज्जारज्जूभोवतीचं आवरण अजून पुढे असतं आणि सुई तिथे जाऊ द्यायची नसते. (सिझेरियनच्या वेळी बहुतेकदा देतात ती "स्पायनल" भूल या आवरणाच्या आत जाते. लोक दोन्ही एकच समजतात.) मग क्ष-किरणात दिसणारा थोडा डाय सोडून तो पडद्यावर कुठे पसरतो ते पाहायचं आणि त्यानंतरच औषध. नस जिथून मणक्याबाहेर पडते त्या छिद्रापाशी बाजूने जाण्याचीही पद्धत आहे. सोबत दिलेलं बधिर करणारं औषध काही तासांत उतरतं, दुखणं परत येतं आणि "काही उपयोग नाही" असं वाटून माणूस हिरमुसतो. स्टिरॉइडला गुण दाखवायला काही दिवस लागतात.

आता गुण किती? कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या २०२० च्या आढाव्यात सायटिकावरच्या २५ चाचण्या एकत्र पाहिल्या. शंभराच्या मापावर पायाचं दुखणं खोट्या इंजेक्शनपेक्षा सरासरी पाचच गुणांनी जास्त उतरलं, तेही थोड्या काळापुरतं. कण्याची नळी अरुंद झालेल्या ४०० रुग्णांच्या २०१४ च्या अमेरिकन चाचणीत स्टिरॉइड घातलेलं आणि न घातलेलं इंजेक्शन सहा आठवड्यांनी सारखंच ठरलं. २०२५ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या मार्गदर्शिकेने तर तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीसाठी आणि पायात उतरणाऱ्या कळेसाठीही ही इंजेक्शनं नकोत, असं ठाम सांगितलं. अनेक वेदनातज्ज्ञांना ते पटलेलं नाही. माझं मत विचाराल तर काही आठवड्यांची ताजी, पायात उतरणारी कळ असेल आणि झोपही लागत नसेल, तर विचार करावा. नुसती कंबर धरली असेल तर नको. तीन इंजेक्शनांचं ठरलेलं "पॅकेज" कुणी आधीच गळ्यात मारत असेल, तर त्याला आधार नाही.

इंजेक्शन फार तर थोडा वेळ विकत घेऊन देतं. त्या वेळात बरंचसं काम शरीर स्वतः करतं. बाहेर आलेला गर पेशी खाऊन टाकतात, आणि गंमत म्हणजे पूर्ण सुटा झालेला मोठा तुकडा विरण्याची शक्यता लहान फुगवट्यापेक्षा जास्त असते.

अपघाताच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. एमआरआयमध्ये दिसलेला फुगवटा अपघाताचाच, असं लोक गृहीत धरतात. काहीही न दुखणाऱ्या ३,००० हून अधिक लोकांचे स्कॅन तपासणाऱ्या २०१५ च्या आढाव्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. म्हणून कळ कुठल्या पट्ट्यात जाते आणि कुठली नस दबलेली दिसते, हे जुळल्याशिवाय सुई टोचण्यात अर्थ नाही. आणि त्याआधी मणका मोडलेला नाही ना, याची खात्री हवी.

धोके दुर्मीळ आहेत, पण आहेत. अमेरिकेत २०१२ मध्ये एका औषधशाळेच्या बुरशी लागलेल्या स्टिरॉइडमुळे ७५३ जण आजारी पडले आणि त्यातले ६४ दगावले, असं सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेची आकडेवारी सांगते. काही स्टिरॉइडमध्ये बारीक कण असतात. ते रक्तवाहिनीत गेले तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणूनच तो डाय आणि तो सी-आर्म. मधुमेह असेल तर साखर काही दिवस चढते, ती रोज मोजावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं, स्वतःच्या मनाने बंद करू नये.

लघवी अडली, बसायच्या जागेची संवेदना गेली किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर इंजेक्शनची तारीख धरून बसू नका. त्याच रात्री मणक्याची शस्त्रक्रिया होते असं रुग्णालय गाठा.