वॅटचा वाद: घरच्या महागड्या ऑडिओच्या पारखीमागची कहाणी

ऐंशी-नव्वदच्या दशकात नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, म्युझिक सिस्टिम घ्यायला गेलेल्या माणसाला खोक्यावर सगळ्यात ठळक काय दिसायचं, तर ‘१००० वॅट पीएमपीओ’ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट, म्हणजे म्हणे क्षणभराची कमाल ताकद). त्याच यंत्राच्या पाठीला, विजेची वायर आत शिरते तिथल्या पाटीवर, बारीक टायपात विजेचा खप लिहिलेला असे: ४० वॅट, फार तर ६०. चाळीस वॅट खाणारं यंत्र हजार वॅट कुठून देणार, हे विचारणारे थोडे आणि धड उत्तर देणारे त्याहून थोडे. आज लाखाच्या पुढचे अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याहून महाग स्पीकर नागपुरातल्या घरांत येतात, तरी पहिला प्रश्न ‘किती वॅटचा?’ हाच असतो. म्हणून या टिपणात त्या एका आकड्याला बाकीच्यांपेक्षा जास्त जागा दिली आहे.

यंत्राचा आवाज ‘खऱ्या’सारखा आहे का, हे तपासायची हौस तशी जुनीच. १९१५ पासून दहाएक वर्षं अमेरिकेत त्याचे जाहीर प्रयोग चालत. गायिका फोनोग्राफच्या जोडीने गायची, मध्येच दिवे मालवायचे, ती गप्प व्हायची आणि यंत्र पुढे गात राहायचं. पुढे १९४७ मध्ये ब्रिटनच्या एका मासिकात १५ वॅटच्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा छापून आला. त्याची विकृती, म्हणजे डिस्टॉर्शन, ०.१ टक्का होती आणि तिथून ‘विकृती जितकी कमी तितका अ‍ॅम्प्लिफायर चांगला’ ही मोजपट्टी रुजली. १९५४ मध्ये हवाबंद पेटीतला लहान स्पीकर बाजारात आला. कपाटाएवढी पेटी पुस्तकाच्या फळीवर मावू लागली आणि खालचे स्वरही टिकले, पण त्या बदल्यात तो वॅट जास्त मागू लागला. वॅटच्या शर्यतीचं मूळ इथे आहे. नुसत्या जाहिरातवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आले आणि शर्यतीत लबाडी शिरली. अ‍ॅम्प्लिफायर सलग किती ताकद देतो हे सोडून क्षणभरात किती देईल ते मोजायचं, त्याला ‘म्युझिक पॉवर’ म्हणायचं. त्या क्षणाचंही टोक धरायचं म्हणजे आकडा दुप्पट. मग डाव्या-उजव्या चॅनेलची बेरीज करायची, म्हणजे पुन्हा दुप्पट. विकृती किती टक्क्यांवर मोजली ते सांगायचंच नाही. अशा हिशेबाने १० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर कागदावर सहज ५०-६० वॅटचा व्हायचा.

याला लगाम घालायला अमेरिकेतल्या व्यापार नियामकांनी १९७४ मध्ये नियम काढला. सलग साइन लहरीवर (शुद्ध एकसुरी आवाजावर), सगळे संबंधित चॅनेल एकत्र चालवून मोजा. कोणत्या ओहमवर (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप; ओहम कमी तितकी वीज जास्त वाहते), कोणत्या वारंवारता पट्ट्यात आणि किती विकृतीवर मोजलं ते जाहीर करा. इथवर कोणाचं फारसं दुमत नव्हतं. भांडण पेटलं ते पुढच्या अटीवर: मोजणीआधी अ‍ॅम्प्लिफायर जाहीर ताकदीच्या एक तृतीयांशावर सलग तासभर चालवून तापवा.

वरवर ही अट सौम्य वाटते. पूर्ण ताकदीवर तासभर चालव म्हटलं असतं तर कठोर, हे तर तिसऱ्या हिश्श्यावरच आहे. पण बी किंवा एबी वर्गाच्या (हे आतल्या रचनेचे प्रकार) अ‍ॅम्प्लिफायरचं गणित उलटं चालतं. आदर्श बी वर्गाचा १०० वॅटचा चॅनेल घ्या. पूर्ण १०० वॅट देताना तो सुमारे १२७ वॅट घेतो, म्हणजे २७ वॅट उष्णतेत जातात. तोच ३३ वॅट देत असेल तर घेतो जवळपास ७३, आणि ४० वॅट हीटसिंकवर, म्हणजे ताप बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंखांवर, येऊन पडतात. बाहेर ताकद कमी आणि आत ताप जास्त. सगळ्यात जास्त ताप पूर्ण ताकदीच्या साधारण ४० टक्क्यांवर होतो आणि एक तृतीयांश त्याच्या अगदी शेजारी आहे. नियामकांनी, मुद्दाम असो की अजाणता, अ‍ॅम्प्लिफायरची सर्वांत दुखरी नस दाबली.

निर्मात्यांचा आक्षेप असा की संगीत असं वागत नाही. संगीतात शिखरं उंच आणि सरासरी खूप खाली असते. शिखरं पूर्ण ताकदीला टेकत असली तरी सरासरी दहाव्या हिश्श्याच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी असते. तासभर सलग एक तृतीयांश ही भट्टी घरात कोणी पेटवत नाही, तेव्हा त्यासाठी जाडजूड हीटसिंक लावून ग्राहकाकडून पैसे का घ्यायचे? यात तथ्य होतं. पण दुसरी बाजूही होती. पाच-दहा वर्षं रोज चालणाऱ्या यंत्राला ती जादा जाडी उपयोगीच पडली. सत्तरच्या दशकातले अ‍ॅम्प्लिफायर आजही दुरुस्त होऊन वाजतात, त्यात या नियमाचा वाटा आहे असं माझं मत. त्याचा एक वाईट परिणाम मात्र लांबवर गेला. ४ ओहमवर तापवण्याची ही कसोटी फारच जड, म्हणून अनेकांनी ४ ओहमचा आकडा छापणंच बंद केलं. फक्त ८ ओहमचा छापला. स्पीकर तर पुढे ४ ओहमकडे झुकत गेले, म्हणजे ग्राहकाला जो आकडा हवा नेमका तोच कागदावरून गेला.

हा वाद मिटायला २६ वर्षं लागली. २००० साली एक तृतीयांशाचा एक अष्टमांश झाला. वरच्याच उदाहरणात १२.५ वॅट देताना ताप सुमारे ३२ वॅट होतो. म्हणजे सवलत मिळाली खरी, पण ऐकायला वाटते तेवढी मोठी नाही. मग होम थिएटर आलं आणि ‘सगळे संबंधित चॅनेल’ म्हणजे पाच, सात की दोन, यावर नवा घोळ सुरू झाला. २०२४ मध्ये नियम पुन्हा सुधारला. आता ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि १ टक्क्याच्या आत विकृती, या अटी निर्मात्याच्या मर्जीवर राहिलेल्या नाहीत.

त्या नियमात आणखी एक ओळ आहे. ती अमेरिकेत कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आपल्याला मात्र खुपावी. चाचणी स्थिर हवेत, किमान २५ अंश सेल्सिअसला करायची. किमान म्हटलं की प्रत्यक्षात तेवढ्यावरच भागवलं जातं. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, २०१३ च्या मेमध्ये ४७.९ नोंदला गेला. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली संध्याकाळी ४० अंश असलेल्या खोलीत हीटसिंकची सुरुवातच १५ अंश वरून होते. प्रयोगशाळेत ६५ पर्यंत जाणारा हीटसिंक इथे ८० ला पोचतो, आणि थर्मल कटआउट (फार तापलं की यंत्र बंद करणारा स्विच) बहुधा ८० ते ९० च्या दरम्यान पडतो. अ‍ॅम्प्लिफायर काचेच्या शोकेसमध्ये, वर क्रोशाचा रुमाल, त्यावर फोटोफ्रेम, अशी बसकण असेल तर बोलायलाच नको. (आकड्यांबद्दल नागपूरकराने तसंही सावध असावं. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर गाजावाजा झाला आणि मग संवेदक बिघडल्याचं निघालं.) भर उन्हाळ्यात गल्लीतले सगळे कूलर-एसी लागले की २३० चा व्होल्टेजही खाली येतो. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात घटते: व्होल्टेज १० टक्के कमी, तर वॅट जवळपास १९ टक्के कमी. मोजणी अमेरिकेत होते तीही १२० व्होल्ट नीट स्थिर धरून.

आपल्या देशात असा नियम झालाच नाही. परवाने आणि जबर आयातशुल्काच्या काळात परदेशी अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे कुणी आखातातून येताना आणला तर. बाकी सगळा कारभार देशी कंपन्यांचा आणि गल्लीतल्या मेकॅनिकचा. २एन३०५५ ट्रान्झिस्टरच्या जोड्या, नंतर एसटीके आयसी, पत्र्याचा डबा, वर व्हीयू मीटरचे नाचते काटे. हे ‘असेंबल्ड’ अ‍ॅम्प्लिफायर दिसायला ओबडधोबड, पण त्यांचे वॅट बरेचसे खरे असत, कारण बनवणारा सोल्डरिंगची बंदूक हातात घेऊन समोरच बसलेला असे. पीएमपीओचा पूर आला तो छापील खोक्यांबरोबर. पीएमपीओला कुठल्याही मानकात व्याख्या नाही, त्यामुळे तो खोटा ठरवणंही अवघड. २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश निघाला. त्यात म्युझिक सिस्टिम २०० वॅटपासून आणि अ‍ॅम्प्लिफायर २००० वॅटपासून धरले, तेही आत जाणाऱ्या विजेचे वॅट, आणि तपासणी सुरक्षिततेची. बाहेर किती येतं, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आणि समजा वॅट खरे आहेत. तरी ५० ऐवजी १०० वॅट घेतल्याने वाढतात फक्त ३ डेसिबल, म्हणजे कानाला ‘जरा मोठा’ एवढंच. आवाज दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती डेसिबल वाजतो, ८७ ऐवजी ९० असेल तर तेच ३ डेसिबल फुकट मिळतात. पण हा आकडा कोणी विचारत नाही.

आकड्यांना विटलेल्या लोकांचा दुसरा पंथ याच काळात वाढला. १९६२ मध्ये अमेरिकेत फक्त ऐकून परीक्षण करणारं एक मासिक निघालं. १९७३ मध्ये दुसरं निघालं आणि त्याने कसोटीच जाहीर केली: सभागृहात माइकशिवाय वाजणारं खरं वाद्य. या पंथाला शास्त्राचाही टेकू मिळाला. १९७० मध्ये एका फिनिश संशोधकाने दाखवलं की फीडबॅकचा (बाहेर पडणारा सिग्नल परत आत नेऊन चूक सुधारण्याचा) मारा करून विकृतीचा आकडा खाली आणला, तर झपाट्याने बदलणाऱ्या स्वरावर वेगळीच विकृती उगवू शकते. पुढे त्यावरही वाद झाला. प्रत्यक्षातलं संगीत तितकं झपाट्याने बदलतं का, हा त्यातला प्रश्न होता. पण ‘आकडा चांगला आणि आवाज कर्कश’ या तक्रारीची चेष्टा करणं त्यानंतर सोपं राहिलं नाही.

माइकशिवायच्या वाद्याची ती कसोटी नागपुरात अडखळते. देशपांडे सभागृहातल्या मैफलीत तंबोरासुद्धा माइकवर असतो. मागच्या रांगेत बसून आपण जो ‘खरा’ तबला ऐकतो तो कोणाच्या तरी मिक्सरमधून आणि स्पीकरमधून आलेला असतो. म्हणजे घरच्या स्पीकरची तुलना आपण दुसऱ्या स्पीकरशी करतो. विनामाइक तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याचा डग्गा ऐकायचा तर घरगुती बैठक नाहीतर गुरुजींच्या घरची तालीम. ज्यांचे कान तिथे तयार झालेत त्यांचं मत मी परीक्षणांच्या वर ठेवतो.

कानाच्या पंथाला धक्का बसला १९८७ मध्ये. काही शे डॉलरच्या रिसीव्हरपासून हजारो डॉलरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत सगळे, नाव न दाखवता आणि आवाजाची पातळी जुळवून, श्रोत्यांना ऐकवले. त्यांना ते ओळखता आले नाहीत. यातलं ‘पातळी जुळवून’ हे कलम महत्त्वाचं. दोन यंत्रांत अर्ध्या डेसिबलचा फरक असला तरी मोठं वाजणारं ‘जास्त खुलं’ वाटतं. दुकानात रिमोट विक्रेत्याच्या हातात असतो, हे विसरू नये.

स्पीकरच्या बाबतीत मात्र कान खरे ठरले, डोळे झाकले तर. कॅनडात ओटावाच्या सरकारी प्रयोगशाळेत ऐंशीच्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून ऐकण्याचे प्रयोग झाले. समोरून सपाट आणि बाजूंनीही सुरळीत आवाज देणारे स्पीकरच लोक पुन्हा पुन्हा निवडत, मग ते कोणाचेही असोत. १९९४ च्या एका अभ्यासात पडदा काढल्याबरोबर गुण बदलले: नाव आणि आकार दिसला की मत फिरतं. यातूनच स्पीकर मोजण्याचं २०१३ चं मानक आलं. त्यात स्पीकरभोवती आडवं-उभं फिरून दर १० अंशांवर, एकूण ७० मोजण्या घेतात.

पण ती मोजणी आवाज न परतवणाऱ्या खोलीत होते. आपल्या खोलीला विटांच्या प्लास्टर केलेल्या भिंती, वर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल. गालिचा उन्हाळ्यात गुंडाळून माळ्यावर. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झला पहिला घुमारा येतो आणि ९४ ला दुसरा, म्हणजे ऐन डग्ग्याच्या मुलखात. शोरूममध्ये कार्पेट-पडद्यांत ऐकून आवडलेला स्पीकर घरी ‘बुम’ करतो तो यामुळे, आणि वायर बदलून ते जात नाही.

गेल्या काही वर्षांत नवा आकडा आला आहे: साइनॅड, म्हणजे सुरांच्या तुलनेत गोंगाट आणि विकृती मिळून किती खाली. हौशी लोक घरबसल्या मोजतात आणि १२० डेसिबलचे तक्ते लावतात. मोजणी प्रामाणिक आहे, पीएमपीओसारखी थाप नाही. पण सीडीची मर्यादाच ९८ आहे, आणि डेझर्ट कूलर चालू असलेल्या खोलीत पन्नासच्या वर गोंगाट आधीच बसलेला असतो. शंभर आणि एकशेवीस यांतला फरक तिथे ऐकणार कोण?

हे तक्ते गाजवणारे बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर डी वर्गाचे, म्हणजे ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारे आहेत. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे एक तृतीयांश-एक अष्टमांशाचं सगळं भांडण त्यांना फारसं झोंबत नाही आणि नागपूरचा मे महिनाही ते निभावून नेतात. त्यांचं दुखणं निराळं. जुन्या आणि स्वस्त डी वर्गात फीडबॅक बाहेरच्या फिल्टरच्या (त्या चालू-बंदचा गोंगाट गाळणाऱ्या भागाच्या) आधीच घेतलेला असतो, त्यामुळे वरचे स्वर स्पीकरच्या ओहमप्रमाणे वर-खाली होतात. नव्या रचनांत तो फिल्टरच्या पुढून घेतात. घेताना ४ आणि ८ ओहमवरचे दोन्ही आलेख मागावेत आणि ते एकमेकांवर बसतात का ते पाहावं.