अल्पमुदतीची ठेव

अल्पमुदतीची ठेव : काही दिवस ते साधारण वर्षभर लागणार नाही, पण त्यानंतर किंवा मध्येच अडीनडीला नक्की लागेल, अशी बेताची रक्कम सुरक्षित राहावी म्हणून दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा व्यवहार. पुढच्या जूनची शाळेची फी, भाड्याच्या घराची अनामत, ठरलेले लग्नकार्य, पेरणीचा खर्च किंवा दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी घरची गंगाजळी, ही अशा रकमेची नेहमीची रूपे. वर्षाची मर्यादा रूढीची आहे, काटेकोर नव्हे. ‘ठेवणे’ हे क्रियापद सामान्यतः संस्कृत स्थापयति, प्राकृत ठवेइ यांच्याशी जोडले जाते. धर्मशास्त्रात याच अर्थाने निक्षेप, न्यास आणि उपनिधी हे शब्द येतात.

प्राचीन मूळ : या व्यवहाराचे मूळ कोठे शोधावे याविषयी एकमत नाही. बँकव्यवहाराच्या इतिहासाची सुरुवात अनेकदा नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील (पांडवलेणी) दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखापासून केली जाते. उषवदात हा क्षहरात घराण्यातील क्षत्रप (प्रांताधिपती) नहपानाचा जावई. त्याने गोवर्धन येथील श्रेणींकडे (कारागिरांच्या संघांकडे) ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) गुंतवले : एका कोलिकनिकायाकडे (विणकरांच्या श्रेणीकडे) २,००० शेकडा एक पडिक (म्हणजे एक कार्षापण) दराने आणि दुसऱ्या कोलिकनिकायाकडे १,००० शेकडा पाऊण पडिक दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी (भिक्षूच्या वस्त्रासाठी) द्यायचे होते. वीस बारे दोनशे चाळीस. २,००० वर दरमहा शेकडा एकने वर्षाचे व्याज नेमके तेवढेच होते. दर मासिक होता, हा अर्थ या हिशेबामुळेच पक्का मानतात. दुसऱ्या रकमेचे व्याज ज्या ‘कुशणमूला’साठी होते त्या शब्दाचा अर्थ वादग्रस्त आहे. लेखातील ४२ हे वर्ष शककालाचे धरल्यास इ.स. १२० च्या सुमारास येते. ते नहपानाच्या राज्यवर्षांतील मानणारे अभ्यासक ते इ.स. पहिल्या शतकात नेतात. पहिल्या शतकाचा उत्तरार्ध ते दुसऱ्याचा पूर्वार्ध, एवढेच तूर्त म्हणता येते.

तेथेच आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा, बहुधा तिसऱ्या शतकाच्या मध्याचा लेख आहे. त्यात विष्णुदत्ता या शकनिकेने (शक स्त्रीने) आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी एकाच श्रेणीकडे सगळी रक्कम न देता कुलरिक, ओदयंत्रिक, तिलपिषक अशा वेगवेगळ्या श्रेणींत ती वाटून ठेवलेली दिसते. कुलरिक म्हणजे कुंभार, ओदयंत्रिक म्हणजे पाणी खेचण्याची यंत्रे करणारे, असे अर्थ सुचवले गेले आहेत. तिलपिषक म्हणजे तेली, एवढे निश्चित. दगड ठिकठिकाणी झिजला आहे. ही विभागणी जोखमीच्या विचाराने केली, की एकेका श्रेणीला तेवढीच रक्कम फिरवता येत असे म्हणून, हे लेखावरून ठरत नाही.

मात्र हे दोन्ही दाखले ‘अक्षयनीवी’चे, म्हणजे कायम निधीचे आहेत. उषवदाताच्या लेखात कार्षापण ‘अपडिदातवा वधिभोजा’ असल्याचे स्पष्ट म्हटले आहे : मुद्दल परत द्यायचे नाही, व्याज तेवढे उपभोगायचे. परत न मिळणाऱ्या रकमेला अल्पमुदतीच्या ठेवीचा पूर्वज म्हणणे अवघड आहे. त्या दृष्टीने निक्षेपाची परंपरा अधिक जवळची वाटते. मनुस्मृतीत (८.१७९) निक्षेप कोणाकडे ठेवावा हे सांगितले आहे : कुलीन, सदाचारी, धर्म जाणणारा, सत्यवचनी, मोठा गोतावळा असलेला, धनवान आणि आर्य अशा माणसाकडे. यातील एकूण एक विशेषण ठेव घेणाऱ्याचे आहे. वाढ किती मिळेल याचा उल्लेख नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात, आत काय आहे हे न सांगता पेटी दुसऱ्याच्या हाती दिली तर ती ‘औपनिधिक’, आणि तशीच्या तशी परत करावी, असा नियम आहे. राजा, दैव किंवा चोर यांनी ती नेली तर भरपाई नाही. सांभाळणाऱ्याने ती आपल्या मर्जीने वापरली तर मात्र दंड, आणि वस्तू ‘सोदयम्’, म्हणजे वाढीसह परत.

कोणाच्याच हाती न देता पैसा जमिनीत पुरण्याची तिसरी रीतही याच परिसरात दिसते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. पुरणाऱ्याला ती परत काढता आली नाहीत, एवढे उघड आहे.

कायदेशीर स्वरूप : दुसऱ्याची ठेव वापरणे हा स्मृतींनी जो दोष मानला, तोच आजच्या बँकेचा धंदा आहे. फोली विरुद्ध हिल (१८४८) या खटल्यात इंग्लंडच्या लॉर्ड्स सभागृहाने बँक ही ग्राहकाच्या पैशाची राखणदार नसून त्याची ऋणको आहे असे ठरवले, आणि भारतातही हेच तत्त्व चालते. बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ मधील व्याख्येनुसार बँक लोकांकडून ठेवी घेते त्या कर्जाऊ देण्यासाठी किंवा गुंतवण्यासाठीच. म्हणून ‘माझे पैसे बँकेत आहेत’ हे बोलणे रूढ असले, तरी ठेवीदाराच्या हाती असते ते बँकेकडून येणे. सुरक्षित जागा निवडायची तर प्रश्न तीन : देणे कोणाचे, त्याच्यामागे हमी कोणाची, आणि मागितल्यावर किती दिवसांत मिळेल. दराचा प्रश्न यांच्या नंतरचा. बेताच्या रकमेवर काही महिन्यांत अर्ध्या-पाऊण टक्क्याने पडणारा फरक किरकोळ असतो.

ठेव विमा : १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि पाठोपाठ केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर १९६१ चा ठेव विमा महामंडळ अधिनियम झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. टप्प्याटप्प्याने वाढत ती १९९३ मध्ये एक लाख आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाली. सहकारी बँकांना या छत्राखाली आणण्याची तरतूद १९६८ च्या दुरुस्तीने झाली. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदार नव्हे.

मर्यादा दर ठेवीदारामागे, दर बँकेमागे आणि मुद्दल अधिक व्याज धरून आहे. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन पावत्या केल्या तरी बेरीज एकच. पाच लाखांची पावती केली तर मुद्दल विम्यात पूर्ण बसते, साचलेले व्याज बाहेर राहते. ४,८०,००० ची केली तर वर्षाच्या व्याजातले २०,००० पर्यंत आत येतात. नवरा-बायकोचे संयुक्त खाते एकेकट्याच्या खात्याहून वेगळे मोजले जाते.

विमा होता, तरी पूर्वी तो बँक अवसायनात निघाल्यावर (कायमची बंद करून तिचे देणे-घेणे मिटवायला घेतल्यावर) किंवा विलीन झाल्यावरच लागू होई. रिझर्व्ह बँकेचे पैसे काढण्यावर नुसते निर्बंध आले की ठेवीदार मध्येच लटकत. पुण्याच्या रुपी बँकेवर निर्बंध आले २०१३ मध्ये, परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. घरभाडे, औषधे आणि फी याच पैशांतून भागवणाऱ्या कुटुंबांसाठी हा आघात केवढा असेल हे वेगळे सांगायला नको. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याइतकी रक्कम देण्याचे बंधन आले. अल्पमुदतीच्या ठेवीदाराच्या दृष्टीने मर्यादा पाच पट होण्याइतकीच, किंबहुना अधिक, मोलाची सुधारणा हीच. कारण त्याला रकमेइतकीच तारीखही महत्त्वाची असते.

पतसंस्था (पतपेढी) या छत्राबाहेर आहेत. त्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या असतात. त्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि ठेव विमाही नसतो. ओळखीचा पिग्मी (रोज थोडे थोडे भरण्याची ठेव) एजंट रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीशी येऊन शंभराची नोट घेऊन जातो, तेव्हा तो बँकेचा की पतसंस्थेचा हा फरक पुस्तकावरच्या नावाखेरीज कशातही दिसत नाही. (पिग्मी ठेवीची सुरुवात १९२८ मध्ये उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने केली.) भिशीत पैसा परत मिळणे पाळीवर आणि गटाच्या एकीवर अवलंबून असते.

इतर जागा : टपाल कचेरीतील बचत बँक १८८२ पासून चालू आहे. तेथील देणे केंद्र सरकारचे असल्याने पाच लाखांची मर्यादा आड येत नाही. मात्र तेथील मुदत ठेव किमान वर्षाची असते आणि सहा महिन्यांच्या आत मोडता येत नाही. बँकेची मुदत ठेव सात दिवसांपासून मिळते. मोडल्यास जितके दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर धरतात आणि बहुधा त्यातून अर्धा ते एक टक्का कापतात. एक कोटीपर्यंतच्या ठेवींना मुदतपूर्व मोडण्याची सोय देणे २०२३ पासून बँकांना सक्तीचे आहे. सरकारी ट्रेझरी बिले (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जाचे रोखे) ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची असतात. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट योजनेमुळे नोव्हेंबर २०२१ पासून ती सामान्य माणसाला थेट घेता येतात. लिक्विड फंड (म्युच्युअल फंडांचा एक प्रकार) ९१ दिवसांपर्यंतच्या रोख्यांत पैसे ठेवतात. त्यांत परतफेडीची हमी नसते. बिगरबँक वित्तसंस्था बारा महिन्यांहून कमी मुदतीची ठेव घेऊच शकत नाहीत.

पावती : मुदत ठेवीच्या पावतीवर नाव, रक्कम, दर, सुरुवातीची आणि देय तारीख, वारसनोंदीचा (नॉमिनेशनचा) शेरा आणि पैसे कोणाला द्यायचे याची सूचना असते. छापील पावती मोडताना तिच्या पाठीवर रेव्हेन्यू स्टँप लावून त्यावर सही करण्याची पद्धत अजून आढळते. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशी सूचना असली, तरी एकाच्या मृत्यूनंतर मुदतीआधी ठेव मोडायला दोघांची आधीच दिलेली तशी संमती लागू शकते, आणि नेमक्या दवाखान्याच्या दिवसांत पैसे अडकतात. नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत वारसनोंद करता येते. मुदत संपूनही पावती तशीच पडून राहिली तर त्यापुढे बचत खात्याचा किंवा ठरलेला, यांपैकी कमी असेल तो दर मिळतो. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होते. त्यानंतरही ठेवीदार किंवा त्याचे वारस मूळ बँकेकडे ती मागू शकतात.