पाच तारांचा बँजो आणि आयरिश जिग: आधी पोचला तोच मागे पडला

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे मिरवणुकीत जो ‘बेंजो’ वाजतो तो टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुल तरंग, त्याचं मूळ जपानी ताइशोगोतो. इथे बोलतोय तो अमेरिकन बँजो, डफासारखं गोल चामडं, लांब दांडी आणि दांडीच्या अर्ध्यातूनच निघणारी एक आखूड पाचवी तार.

ही आखूड तार अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनी या गोऱ्या वादकाने लावली असं बरेच ठिकाणी वाचायला मिळतं, ते काही खरं नाही. त्याच्या जन्माआधीच्या, १८ व्या शतकाच्या शेवटच्या एका चित्रात गुलाम माणसाच्या हातातल्या बँजोवर ती स्पष्ट दिसते. वाद्य आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचं, स्वीनी त्यांच्याकडूनच शिकला. तो स्वतः आयरिश वंशाचा, आणि १८४० च्या दशकात तोंडाला काळं फासून गाणाऱ्या मिन्स्ट्रेल मंडळींबरोबर बँजो समुद्रापार ब्रिटन-आयर्लंडला गेला. म्हणजे आयर्लंडने पहिला बँजो पाहिला तो पाच तारांचाच.

मग जिगमध्ये तो रुळला का नाही? कारण हातात आहे. जिग म्हणजे आयरिश नाचाची धून, तिची लय सहा-आठची, आपल्या दादऱ्यासारखे तीन-तीनचे दोन तुकडे (तिकडे शिकवताना ‘रॅशर्स अँड सॉसेजेस’ असं म्हणायला लावतात, म्हणून बघा, लय लगेच बसते). जुन्या पद्धतीत नख खाली मारायचं आणि अंगठ्याने पाचवी तार छेडायची, ही सगळी चाल दोन-चारच्या हिशोबाची, तीनात घातली की अंगठा हमखास चुकीच्या जागी पडतो. वर ती पाचवी तार तंबोऱ्यासारखी सतत एकच सूर धरून बसते आणि जिगमध्ये तर जवळजवळ प्रत्येक मात्रेला नवा सूर.

२० व्या शतकाच्या सुरुवातीला चार तारांचा टेनर बँजो आला, नखीने म्हणजे प्लेक्ट्रमने वाजणारा, आणि प्रश्नच मिटला. न्यूयॉर्कला १९२० च्या दशकात फ्लॅनागन ब्रदर्सच्या रेकॉर्ड्स निघाल्या त्यात माइक फ्लॅनागनचा बँजो ऐका, काय फटकारे आहेत! पुढे डब्लिनर्स या आयरिश लोकसंगीताच्या ग्रुपमधल्या बार्नी मकेनाने तो फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्या) एक सप्तक खाली, जी-डी-ए-ई असा लावला आणि तीच रीत झाली. गंमत म्हणजे त्याच ग्रुपमध्ये ल्यूक केलीच्या गळ्यात पाच तारांचा होता, पण तो गाण्याच्या साथीला, धून वाजवायची ती बार्नीने.

पाच तारांची बाजू सावरली ती अमेरिकेत, आणि तीही ब्लूग्रासवाल्यांनी (ब्लूग्रास म्हणजे तिकडचं वेगवान लोकसंगीत). त्यांच्यातला नावाजलेला बँजोवादक अर्ल स्क्रग्ज याची तीन बोटांची पद्धत वेगवान होती पण तीत मुख्य सूर मधूनमधूनच, बाकी भरणा. १९६० च्या आसपास बॉबी थॉम्पसन आणि बिल कीथ यांनी आपापल्या वाटेने ‘मेलॉडिक’ पद्धत काढली, फिडलची धून सुरासूर, शेजारचे दोन सूर शक्यतो वेगवेगळ्या तारांवर. कीथ १९६३ मध्ये ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या बँडमध्ये गेला आणि ती सगळीकडे पसरली. त्यांच्या डोक्यात जिग नव्हती हो, पण अंगठा-तर्जनी-मधलं बोट असा तीनाचा रोल (बोटांचा ठरलेला क्रम) सहा-आठात आयता बसतो, आणि ज्या पाचव्या तारेने इतकी वर्षं अडवलं तीच आता धुनेतला वरचा ‘जी’ म्हणून वाजते.

अडचणी आहेतच. आयरिश धुना बऱ्याचशा डी पट्टीमध्ये आणि बँजो लावलेला जी मध्ये, मग कोणी कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावतं, कोणी सातव्या पडद्याशी खेळण्यातल्या रेल्वेचा बारका खिळा ठोकतं आणि पाचवी तार त्याखाली अडकवून ‘ए’ करून घेतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं वाद्य मोडलंय.